कार्डचं बिल थकतंय? नुसती ‘किमान रक्कम’ भरून कर्ज फिटत नाही

मुरबाड, शहापूर, अंबरनाथच्या गावांतून कल्याण-डोंबिवली, ठाण्याला कामाला जाणाऱ्या अनेकांकडे आता क्रेडिट कार्ड असतं. कंत्राटदाराने पगार लांबवला किंवा घरात आजारपण निघालं की पहिला फटका कार्डच्या बिलाला बसतो. अडचण दोन-तीन महिन्यांचीच असेल, तर वेळीच हालचाल केल्यास कर्ज आवाक्यात ठेवता येतं.

किमान रकमेचा हिशेब

समजा, थकबाकी ४०,००० रुपये आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याज झालं १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. किमान रक्कम म्हणून २,००० रुपये भरले, तर मुद्दलातून कमी होतात फक्त ३४८ रुपये. शिवाय बिल पूर्ण न भरल्याने नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. किमान रक्कम भरल्याने लेट फी टळते आणि सिबिलवर डाग पडत नाही, एवढंच.

कार्डावरचं व्याज ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे त्या आधाराची आशा धरू नये.

काय करावं?

- कार्डवरची खरेदी लगेच थांबवावी. अ‍ॅपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाकावं.
- देय तारखेच्या आधीच बँकेला फोन करून थकबाकीचे ईएमआय करून मागावेत. व्याजदर, प्रोसेसिंग फी आणि एकूण किती भरावं लागेल, हे लेखी घ्यावं.
- तारीख चुकली तरी घाबरू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्यावरच लेट फी लावता येते. व्याज मात्र चालूच राहतं.
- दोन-तीन कार्डं असतील तर सगळ्यांची किमान रक्कम भरून उरलेले पैसे जास्त व्याजाच्या कार्डावर टाकावेत.
- सोनेतारण किंवा नोकरदारांच्या पतसंस्थेचं कर्ज सहसा स्वस्त पडतं. पण हप्ता झेपणार असेल तरच दागिना ठेवावा.

काय टाळावं?

कार्डवरून रोख काढू नये; त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बिल भरायला लोन अ‍ॅप किंवा विनापरवाना सावकाराकडे जाऊ नये. अशी सावकारी २०१४ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. ‘सेटलमेंट’ केलं तर क्रेडिट रिपोर्टवर तशी नोंद राहते आणि पुढे घरासाठी कर्ज मिळणं अवघड होतं. म्हणून तो शेवटचा उपाय समजावा.

वसुलीवाल्यांचे फोन

वसुली एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी देणं, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना सांगून बदनामी करणं यालाही मनाई आहे. नुसती थकबाकी हा दिवाणी मामला असून त्यासाठी अटक होत नाही. दिलेला चेक बाउन्स झाला तर मात्र गुन्हा दाखल होऊ शकतो.

त्रास झाल्यास कॉलची तारीख-वेळ लिहून ठेवावी आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी टोल फ्री क्रमांक १४४४८.