टेकडीवरचें पेंग्विन

पेंग्विन पक्ष्याचें पिल्लूं शहरांत जन्मावें व वाढावें, ही गोष्ट आज मत्स्यालयांच्या व प्राणिसंग्रहालयांच्या नित्य व्यवहारांत मोडते. शंभर वर्षांपूर्वीं ती फारशी कोणाच्या कल्पनेंतही नव्हती. आणि ती साधली ती विद्वानांच्या प्रयोगशाळेंत नव्हे, तर एडिंबरो शहराच्या एका टेकडीवर.

विद्वानांचें लक्ष त्या काळीं पिलावर नसून अंड्यांतील गर्भावर होतें. सरपटणाऱ्या प्राण्यांपासून पक्षी कसे निर्माण झाले, याचें रहस्य सम्राट पेंग्विनाच्या गर्भांत सांपडेल असें त्यांना वाटे. या एका कल्पनेपायीं विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे १९११ सालच्या दक्षिण ध्रुवाकडील हिवाळ्यांत कॅप्टन स्कॉटच्या तळावरून निघाले आणि सुमारें पांच आठवडे त्या अखंड काळोखांत जिवावर उदार होऊन वणवणले. अंडीं मिळालीं पांच. त्यांतलीं दोन वाटेंतच फुटलीं. विल्सन व बॉवर्स पुढें स्कॉटबरोबरच हिमांत गतप्राण झाले. उरलेलीं तीन अंडीं चेरी-गॅरार्डनें १९१३ सालीं लंडनच्या संग्रहालयांत नेऊन दिलीं. त्यांच्या परीक्षणाचा अहवाल १९३४ सालीं निघाला, आणि त्यांतून विशेष कांहींच निष्पन्न झालें नाहीं!

नेमक्या त्याच १९१३ सालीं एडिंबरोचें प्राणिसंग्रहालय उघडलें. तें उभारणारा टॉमस गिलेस्पी हा पेशानें वकील. कॉर्स्टॉर्फिनच्या टेकडीवर त्याची आंखणी केली ती पॅट्रिक गेडीस व पुढें त्याचा जांवई झालेला फ्रँक मिअर्स यांनीं. होतां होईल तों गजांचे पिंजरे टाळून प्राण्यांना मोकळें राहतां यावें, ही त्यामागील दृष्टि. पेंग्विन तेथें आले ते मात्र खाटकाच्या गाडींतून, असेंच म्हटलें पाहिजे. शेजारच्या लीथ बंदरांतील साल्व्हेसन कंपनीचीं जहाजें दक्षिण जॉर्जिया बेटाकडे देवमाशांची शिकार करीत. त्याच कंपनीकरवीं १९१४ च्या सुमारास राजपेंग्विन टेकडीवर पोंचले.

या पक्ष्यांपुढील पहिली अडचण पंचांगाची. दक्षिणेचा उन्हाळा तो उत्तरेचा हिवाळा. तेव्हां वीण व पिसें गाळणें यांचे ऋतु त्यांना उलटे करून घ्यावे लागतात. राजपेंग्विन घरटें बांधीत नाहीं. एकच अंडें, तें पायांवर घेऊन पोटाच्या कातडीच्या घडीखालीं झांकावयाचें, आणि नर व मादी यांनीं पाळीपाळीनें सुमारें चोपन्न दिवस तें तसें उभ्यानें सांभाळावयाचें. पिल्लूं निघालें कीं आईबाप आपल्या गळ्यांतून वर काढलेले अर्धवट पचलेले मासे त्याला भरवितात. म्हणजे माणसाचें काम एवढेंच, कीं आईबापांना मासे पुरवावे आणि आपण दूर राहावें. हें दूर राहणें वाटतें तितकें सोपें नसतें. १९१९ सालीं या टेकडीवर राजपेंग्विनाचें अंडें फुटून पिल्लूं बाहेर आलें. उत्तर गोलार्धांत असें पूर्वीं घडलें नव्हतें. या जातीचें वाढतें पिल्लूं तपकिरी लोंकरीनें असें माखलेलें असतें, कीं जुन्या प्रवाशांनीं त्याला निराळीच जात समजून ‘लोंकरी पेंग्विन’ असें नांव देऊन टाकलें होतें! त्याला स्वतंत्र होण्यास जवळजवळ वर्ष लागतें, आणि मायदेशीं त्यांतला हिवाळा बहुतेक उपासांतच जातो. गिलेस्पीनें या पक्ष्यांवर १९३२ सालीं एक पुस्तकच लिहिलें.

तें पिल्लूं जन्मलें त्याच वर्षीं गेडीस आमच्या मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच मुंबईंत पेंग्विन आले ते २०१६ सालीं. सेऊलच्या एका मत्स्यालयांतून हंबोल्ट जातीचे आठ पक्षी भायखळ्याच्या राणीच्या बागेंत दाखल झाले. त्यांतला एक कांहीं महिन्यांतच दगावला. हे पेरू व चिली यांच्या किनाऱ्यावरचे. बर्फाळ प्रदेशाचे नव्हेत, तरी मुंबईचा उकाडा त्यांना सोसणारा नव्हे, म्हणून थंड केलेल्या घरांत ठेवलेले. १५ ऑगस्ट २०१८ रोजीं त्यांच्यांत एक पिल्लूं जन्मलें, तेव्हां शहरानें केवढा आनंद मानला! आठवड्याच्या आंत तें गेलें. पोटांतील बलक शरीरांत जिरला नव्हता. अशा वेळीं आईबापांची माया आणि पालकांची दक्षता दोन्ही हात टेकतात. हे पक्षी आणावेतच कां, हा वाद त्यावेळीं फार झाला आणि तो निरर्थक नव्हता. परंतु मेलेल्या पिलाचा दोष देखरेख करणाऱ्यांच्या माथीं मारणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. घर तेंच, मासेही तेच. आणि २०२१ सालीं तेथें जन्मलेलीं पिल्लें जगलीं.