अपस्मारावरील औषधे आणि मुलांची नखे

अपस्मारावरील (फिट, आकडी) औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या काही मुलांच्या नखांत होणारे बदल. नखावर आडवी खाच पडणे, नख मुळाकडून सुटून गळणे, ठिसूळ होणे किंवा त्याचा रंग पालटणे हे त्यांचे मुख्य प्रकार. व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपीन घेणाऱ्या रुग्णांत असे बदल नोंदले गेले आहेत. ते विरळच आढळतात, आणि बहुधा दुखत नाहीत. तरी लेकराचे नख सुटलेले पाहून आईबाप हादरतात, हे स्वाभाविक आहे.

नख घडते ते त्वचेच्या घडीखाली, नखमुळात. तेथील पेशींची वाढ काही दिवस मंदावली की नखावर खाच उमटते. वाढ पुरती थांबली तर जुने नख मुळापासून सुटते आणि मागून येणारे नवे नख त्याला पुढे लोटते. या खाचांना ‘बो रेषा’ म्हणतात. फ्रेंच वैद्य जोझेफ बो यांनी १८४६ मध्ये त्यांचे वर्णन केले. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिमी वाढते. म्हणजे खाच घडीपासून ६ मिमी पुढे असेल, तर मूळ कारण दोन महिन्यांपूर्वीचे किंवा त्याच्या थोडे आधीचे. निदानात हा हिशेब फार मोलाचा ठरतो, कारण औषधावर येणारा आळ पुष्कळदा खोटा असतो. हँड-फूट-माउथ या साथीच्या आजारानंतर महिना-दोन महिन्यांनी निरोगी मुलांचीही नखे गळतात. मोठ्या तापानंतर खाचा पडतात. एकाच बोटाचे नख बिघडले असेल, तर मार लागणे किंवा बोट चोखण्याची सवय आधी तपासावी.

गरोदरपणी आईने फेनिटॉइन घेतले असेल, तर बाळाची नखे व बोटांची टोके जन्मतःच खुजी असू शकतात. कार्बामाझेपीननेही नखे अशी राहिल्याच्या नोंदी आहेत.

कार्बामाझेपीन, लॅमोट्रिजीन किंवा फेनिटॉइन सुरू केल्यावर, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, ताप, अंगावर पुरळ, तोंडात फोड आणि लाल डोळे दिसल्यास मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. ही स्टीव्हन्स-जॉन्सन विकाराची सुरुवात असू शकते. त्यात नखे जाऊ शकतात आणि कधी व्रणामुळे पुन्हा नीट येत नाहीत.

एरवी केवळ नखांसाठी गोळी परस्पर बंद करू नये. औषध अचानक तोडल्याने न थांबणारी आकडी येऊन जिवावर बेतू शकते. हाताचे गळलेले नख साधारण सहा महिन्यांत पुरते येते, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागते. डॉक्टरांकडे जाताना औषध सुरू केल्याची, डोस वाढवल्याची आणि मुलाला शेवटचा मोठा ताप आल्याची तारीख लिहून न्यावी.