दीर्घिकांचे प्रकार आणि त्यांची जडणघडण

तारे, वायू, धूळ आणि डोळ्यांना न दिसणारे कृष्णद्रव्य गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधले जाऊन जो प्रचंड समूह तयार होतो, त्यास दीर्घिका म्हणतात. सूर्यमाला ज्या दीर्घिकेत आहे, ती आकाशगंगा. तिचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे असून तीत किमान १० हजार कोटी तारे असावेत, असा अंदाज आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी आकाशगंगा म्हणजेच संपूर्ण विश्व, अशी अनेक खगोलशास्त्रज्ञांची समजूत होती. देवयानी तारकासमूहातील अंधूक ठिपका हा आकाशगंगेतीलच एक तेजोमेघ मानला जाई. १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीतून त्यात सेफिड जातीचा रूपविकारी तारा आढळला. अशा ताऱ्याच्या तेजातील चढउताराच्या कालावधीवरून त्याची खरी तेजस्विता व तीवरून अंतर काढता येते. ते अंतर आकाशगंगेच्या सीमेपलीकडचे निघाले आणि तो तेजोमेघ ही स्वतंत्र दीर्घिका ठरली. आज तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

हबल यांचे वर्गीकरण

हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांची आकारानुसार विभागणी केली. १९३६ मध्ये ती नादकाट्याच्या आकृतीत मांडली गेली. काट्याच्या दांड्यावर लंबवर्तुळाकार दीर्घिका, एका शाखेवर सर्पिल, तर दुसरीवर दंडयुक्त सर्पिल दीर्घिका येतात.

सर्पिल दीर्घिकेत मध्यभागी जुन्या ताऱ्यांचा फुगवटा, भोवती चपटी तबकडी आणि तीत वळणदार भुजा असतात. या भुजा म्हणजे ताऱ्यांच्या कायम जखडलेल्या रांगा नव्हेत. रस्त्यावरील वाहतूक कोंडीत वाहने येतात व पुढे जातात, पण कोंडी कायम राहते. त्याप्रमाणे तारे आणि वायू भुजेत शिरतात व बाहेर पडतात. चिया-चियाओ लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या घनतालहरींच्या सिद्धांताचा हा गाभा आहे. दाटीत वायू दाबला जाऊन नवे तारे जन्मतात, म्हणून भुजा निळसर व तेजस्वी दिसतात. केंद्रातून ताऱ्यांचा लांबट दंड जात असल्यास ती दंडयुक्त सर्पिल दीर्घिका होय. आकाशगंगाही याच वर्गातील आहे.

लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये थंड वायू अत्यल्प असतो. त्यातील तारे बहुतांशी जुने, तांबूस असून त्यांच्या कक्षा वाटेल त्या दिशांनी असतात. कन्या राशीच्या दिशेची एम ८७ ही त्यांपैकी एक महाकाय दीर्घिका. तिच्या केंद्रातील कृष्णविवराची प्रतिमा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तबकडी असूनही भुजा नसलेल्या दीर्घिका भिंगाकार, तर ठरावीक आकार नसलेल्या अनियमित म्हणून ओळखल्या जातात.

आकार कसा ठरतो?

सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वीच्या महाविस्फोटानंतर द्रव्य सर्वत्र जवळजवळ सारखे पसरले होते. जेथे घनता किंचित अधिक होती, तेथे कृष्णद्रव्याचे पुंज साकळले आणि त्यांनी हायड्रोजन व हेलियम वायू ओढून घेतला. वायू थंड होऊन आकुंचन पावताना त्याची फिरकी वाढली व तो तबकडीत पसरला. सर्पिल दीर्घिकांचा हा उगम होय.

लंबवर्तुळाकार दीर्घिका कालांतराने भुजा फुटून सर्पिल होतात, असा अर्थ नादकाट्याच्या आकृतीतून काढला गेला होता. प्रत्यक्षात प्रवास बहुधा उलट असतो. आलार आणि युरी टूमरे या बंधूंनी १९७२ मध्ये संगणकीय गणिताने दाखविले, की दोन तबकड्या परस्परांजवळून गेल्यास ताऱ्यांचे लांब पूल व शेपट्या निर्माण होतात. अशा दीर्घिका एकत्र मिसळल्या, की ताऱ्यांच्या कक्षा विस्कटतात, वायू झपाट्याने खर्ची पडतो आणि लंबवर्तुळाकार दीर्घिका उरू शकते. दीर्घिकेचा आकार हा अशा रीतीने तिच्या इतिहासाची नोंद असतो.

वायूचा पुरवठाही तितकाच निर्णायक ठरतो. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांतील अणुरूप हायड्रोजनचे सरासरी प्रमाण मोजले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानुसार, त्या काळी नवे तारे इतक्या वेगाने घडत होते, की बाहेरून भर न पडल्यास तो वायू १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. पुढे विश्वातील ताऱ्यांची निर्मिती मंदावण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

अलकनंदेचे कोडे

सुबक सर्पिल रचना घडण्यास दीर्घ काळ लागतो, ही धारणा मात्र आता तपासली जात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांत दोन ठळक भुजांची एक सर्पिल दीर्घिका आढळली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधानुसार, विश्व अवघे १५० कोटी वर्षांचे असताना ती सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे व्यासाची झाली होती. मंदाकिनी हे आकाशगंगेचे हिंदी नाव; म्हणून तिच्या भगिनी नदीवरून या दीर्घिकेस अलकनंदा असे नाव देण्यात आले. एवढ्या अल्पावधीत अशी तबकडी स्थिर कशी झाली, हा प्रश्न खुला आहे.

आकाशगंगेचे भवितव्यही निश्चित नाही. देवयानीशी तिची टक्कर अटळ असल्याचे २०१२ मधील गणित सांगत होते. २०२५ च्या सुधारित अभ्यासाने मात्र पुढील १,००० कोटी वर्षांत तसे होण्याची शक्यता निम्म्यावर आणली. टक्कर झाली, तर या दोन्ही सर्पिल दीर्घिकांच्या जागी एकच लंबवर्तुळाकार दीर्घिका उरण्याची शक्यता आहे.