खाडीपलीकडचं नवं शहर आणि आपण

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "शहरं कशी वसतात" यावर काहीतरी लिहा, असा समितीचा आग्रह होता. खरं म्हणजे शहर वसवणं ही गोष्ट चंद्रपूरकरांना नवी नाही. आपलं गाव मुळात वसवलेलंच आहे. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहाने राजधानी बल्लारपूरहून हलवली आणि इरई-झरपटच्या संगमाजवळ नवं नगर वसवलं. सशाने कुत्र्याचा पाठलाग केल्याची आख्यायिका आपण सारेच ऐकत मोठे झालो. आख्यायिका बाजूला ठेवली तरी परकोट, चार दरवाजे आणि पाच खिडक्या आजही साक्षीला आहेत.

आपल्या हयातीत महाराष्ट्रात असंच एक शहर कागदावर आखून उभं राहिलं. ते म्हणजे नवी मुंबई. चंद्रपूरच्या स्मरणिकेत तिचा इतिहास कशाला, असं कोणी विचारेल. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली पोरं आज खारघर, कामोठे, उलव्याला राहतात, हे एक कारण. दुसरं असं की आपली वीजही तिकडेच जाते. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची, १५०० मेगावॅटची वाहिनी १९९९ पासून पश्चिमेकडच्या शहरांना आणि कारखान्यांना वीज पोचवते. तेव्हा त्या शहराचा हिशेब आपणही विचारायला हरकत नाही.

मुंबई हे दक्षिण-उत्तर पसरलेलं चिंचोळं बेट. कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला, राहणारी माणसं उत्तरेकडे. सकाळी सारा लोंढा एका दिशेला, संध्याकाळी दुसऱ्या. यावर उपाय म्हणून सरकारने समित्या नेमल्या. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात एक साधा पण धाडसी विचार मांडला. उत्तरेकडे वाढत जाण्यापेक्षा खाडी ओलांडून पूर्वेला जोडशहर वसवा. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या शहरासाठी ठरलं.

पैशाचं गणित मोठं गमतीचं होतं. सरकारने सुरुवातीला भांडवल दिलं जेमतेम चार कोटींच्या आसपास. बाकी सगळं जमिनीतून उभं करायचं होतं. जमीन स्वस्तात संपादन करायची, रस्ते-पाणी-गटार करून प्लॉट पाडायचे, ते विकायचे आणि त्या पैशातून पुढचा भाग विकसित करायचा. शहर एकसंध न ठेवता वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली अशा उपनगरांची, म्हणजे 'नोड'ची माळ करायची. प्रत्येक नोडमध्ये शाळा, बाजार, बगिचा चालत जाण्याच्या अंतरावर असावा, अशी कल्पना.

योजना चांगली होती, पण सगळं ठरल्याप्रमाणे झालं नाही. सरकारी कचेऱ्या खाडीपार जातील आणि मागोमाग माणसं जातील, असा अंदाज होता. मंत्रालय जागचं हललं नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून उंच इमारती उभ्या राहिल्या. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला, पण मानखुर्द-वाशी लोकल सुरू व्हायला १९९२ साल उजाडलं. तिच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, तेव्हा कुठे गाडी आली. मधली एकोणीस वर्षं तिथे घर घेणाऱ्यांनी बसच्या रांगेत काढली. शहराला खरी गर्दी दिली ती मुंबईहून हलवलेल्या घाऊक बाजारांनी आणि लोकलने. नुसतं घर बांधून माणूस राहायला येत नाही. त्याला काम आणि कामावर जायची सोय लागते.

एका बाबतीत मात्र नियोजनकारांना पैकीच्या पैकी गुण द्यायला पाहिजेत. ते म्हणजे पाणी. ही जमीन खाजणाची आणि मिठागरांची. पुष्कळ भाग भरतीच्या पातळीपेक्षाही खाली. पावसाळ्यात भरती असताना पाऊस पडला तर पाणी समुद्रात जाणार कसं? म्हणून जागोजागी धारण तलाव ठेवले. भरती चढली की झडपा आपोआप मिटतात, पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि साठलेलं पाणी खाडीत उतरतं. आपल्याकडच्या माणसाला हे लगेच कळेल. मालगुजारांच्या काळातले मामा तलाव आणि धानाच्या बांधीजवळची बोडी यांच्यामागे हीच अक्कल होती, की पाण्याला आधी जागा द्या, मग तुमची जागा घ्या. आपण मात्र बोड्या बुजवल्या, नाल्यांवर ले-आउट पाडले, आणि इरईला पूर आला की पठाणपुऱ्याकडे धावत पाणी बघायला जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीचं. त्या ९५ गावांत आगरी, कोळी, कराडी समाजाची शेती होती, मासेमारी होती, मिठागरं होती. "शहर होणार" हे त्यांना विचारून ठरलेलं नव्हतं. मिळणारा मोबदला तुटपुंजा होता. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित प्लॉट मूळ मालकाला परत. आज तिकडच्या कितीतरी हाउसिंग सोसायट्या अशा प्लॉटवर उभ्या आहेत. पण गावठाणाच्या हद्दी वेळेवर वाढल्या नाहीत. कुटुंबं वाढली, पोरांनी गरजेपोटी घरं बांधली, आणि आपल्याच गावात ती अनधिकृत ठरली. हा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला.

विमानतळाची गोष्टही याच वळणाने गेली. केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची, पर्यावरण परवानगी २०१० ची, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ चं. १,१६० हेक्टरांच्या या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा यांसह दहा गावं उठली. या वेळी विकसित जमिनीचा वाटा साडेबावीस टक्के ठरला. हे दहा टक्के वाढले, त्यामागे १९८४ ची किंमत आहे. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून जून २०२१ मध्ये हजारो लोक बेलापूरच्या रस्त्यावर उतरले, तेही याच आठवणीतून. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. ज्या शहराची कल्पना १९६५ मध्ये मांडली गेली, त्याला विमान मिळायला साठ वर्षं लागली.

'प्रकल्पग्रस्त' हा शब्द आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कोळसा खाणी, वीज केंद्र, आयुध निर्माणी, प्रत्येकाखाली कोणातरी कास्तकाराचं वावर आहे. गडचिरोलीत आता खाणी आणि पोलाद येत आहे. इरईपलीकडे दाताळा-कोसाऱ्याकडे नवीन चंद्रपूर आकार घेत आहे. प्रत्येक नव्या नकाशासमोर तीन प्रश्न विचारावेत, असं नवी मुंबईकडे पाहून वाटतं. पावसाचं पाणी कुठे जाणार? येणाऱ्या माणसाला काम कुठे मिळणार? आणि ज्याची जमीन गेली, त्याचा या शहरात वाटा किती? पहिला प्रश्न तिकडे आधी विचारला गेला, म्हणून त्याची सोय नकाशातच झाली. दुसऱ्याचं उत्तर उशिरा मिळालं. तिसऱ्याचं उत्तर मिळवायला पाच माणसांना जीव द्यावा लागला.

आपली सोसायटी या सगळ्यापुढे लहानशी. पण आपण जिथे राहतो ती जागाही कधीकाळी कोणाचं तरी शेत होतं. पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्याभोवती शहर वाढणारच आहे. आमसभेत फक्त मेंटेनन्स आणि पार्किंगवर न भांडता हे तीन प्रश्नही कोणीतरी विचारत राहावं.