गुंठ्याचा नकाशा आणि डोंगराचा नकाशा

जागेचा विषय निघाला की आपण आधी विचारतो, किती गुंठे? हा गुंठा साखळीने मोजलेला. इंग्रजांनी १८३५ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात शेतजमिनीची नवी मोजणी सुरू केली. पुढे ती मुंबई इलाख्यात पसरली. ३३ फुटांच्या साखळीला शंकू साखळी म्हणत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. हेतू होता शेतसारा ठरवण्याचा. म्हणून गावनकाशात बांध आले, नंबर आले; पण जमिनीचा चढ-उतार आला नाही.

तो दाखवतो सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा. १८०२ मध्ये लॅम्ब्टन साहेबाने मद्रासजवळ एक सरळ रेघ मोजली. तिच्यावरून त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी देशभर गेली. पुढे त्याच आधारावर डोंगर, नद्या, खाड्या कागदावर आल्या.

आमच्या कळव्याच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर. १८५३ साली रेल्वे ठाण्यापर्यंत आली. पुढे खाडीवर पूल बांधून आणि डोंगरात बोगदे खोदून १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. पाण्याची पातळी आणि डोंगराची उंची मोजल्याशिवाय असं काम होत नाही.

हा नकाशा वाचणं अवघड नाही. तपकिरी रेघ सारख्या उंचीच्या जागा जोडते. रेघा दाट, तर चढ उभा. विरळ, तर उतार सौम्य. रेघांचं टोक चढाकडे वळलं, तर तिथे ओहोळ. उताराकडे वळलं, तर डोंगराची सोंड. वाहतं पाणी निळ्या रेघेने, कोरडा ओढा काळ्या रेघेने दाखवतात.

ही काळी रेघ नीट बघा, बायांनो. सातबारा सांगतो जागा कुणाची. पावसाचं पाणी कुठून उतरणार, ते सांगत नाही. उन्हाळ्यात ओहोळ कोरडा दिसतो, म्हणून कुणी त्यात भराव टाकतं, कुणी घर बांधतं. आषाढात पाणी आपली जुनी वाट धरतं आणि चूल, धान्य, पोरांची दप्तरं भिजतात. निस्तरायला मागे आपणच.

म्हणून ग्रामसभेत घरकुलाची, तळ्याची किंवा बंधाऱ्याची जागा ठरताना गटाने विचारा, डोंगराचा नकाशा पाहिला का? पन्नास हजारी नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर मिळतात. शिकलेल्या लेकीला उघडायला सांगा. शेजारी म्हाताऱ्या आजीला बसवा. हंडा घेऊन तो चढ तिने जन्मभर तुडवलाय. कागद आणि आजी, दोघांचं जुळलं, तरच पाया खणा.