पुन्हां दार केव्हां ठोठवावें?

वैद्यकशास्त्रांतील कांहीं प्रश्नांचीं उत्तरें प्रयोगशाळेंत मिळत नाहींत. तीं हजारों माणसांच्या आयुष्यांत शोधावीं लागतात. त्यासाठीं माणसांची नोंद करून त्यांच्याकडे वर्षानुवर्षें परत जावें लागतें. पण किती वेळां जावें? वारंवार गेल्यास पैसा खर्ची पडतो व माणसें कंटाळतात. फार उशीरा गेल्यास दाराला कुलूप दिसतें. महाराष्ट्रांत या प्रश्नाला निदान तीन निरनिराळीं उत्तरें मिळालीं आहेत.

नवी मुंबईंतील हीलिस सेखसरिया सार्वजनिक आरोग्य संस्थेचे संस्थापक डॉ. प्रकाश गुप्ता हे पूर्वीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत होते. त्या काळांत, १९९१ सालीं, त्यांनीं मुंबई शहरांत तंबाखूविषयीं पाहणी आरंभिली. मतदारांच्या याद्यांच्या आधारें १९९७ पर्यंत ३५ वर्षें व त्याहून अधिक वयाच्या १,४८,१७३ स्त्रीपुरुषांची नोंद झाली. पुढें १९९७ ते २००३ या काळांत त्यांच्या घरीं दुसरी फेरी झाली. दोन भेटींत सरासरी साडेपांच वर्षांचें अंतर पडलें. मृत्यूची वार्ता उशीरा कळली तरी बदलत नाहीं. घरचीं माणसें ती सांगतात आणि महानगरपालिकेच्या दप्तरांत तिचें कारण पाहतां येतें. म्हणून एवढें अंतर चाललें. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेनें मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांत १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांत १.६४ पट आढळला. मात्र मधल्या काळांत कोणी विडी सोडली असल्यास पहिली नोंद त्याला विडी ओढणाराच मानते. लांब अंतराची ही किंमत होय. इंग्लंडांत डॉल व हिल यांनीं १९५१ सालीं डॉक्टरांकडे पाठविलेली प्रश्नावली याच कारणास्तव १९५७, १९६६ व १९७१ सालीं पुन्हां धाडली गेली.

रोगाची परीक्षा करावयाची तर इतकें थांबून चालत नाहीं. टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील वीस विभागांत स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीं अभ्यास सुरू केला. त्यांत ३५ ते ६४ वर्षें वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया होत्या. दहा विभागांत दोन दोन वर्षांनीं तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या. उरलेल्या दहा विभागांतही दर दोन वर्षांनीं घरोघर चौकशी झाली. ही समानता अत्यावश्यक होती. जेथें कमी विचारावें तेथें मृत्यूही कमी नोंदले जातात, आणि मग तुलनाच खोटी ठरते. तपासणी झालेल्या विभागांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी आढळले.

तिसरें उदाहरण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचें. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळील सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भावस्थेपासून अभ्यास आरंभिला. त्यांच्या मुलांचीं मापें दर सहा महिन्यांनीं घेतलीं गेलीं. सविस्तर तपासण्या मात्र सहाव्या, बाराव्या व अठराव्या वर्षांच्या सुमारास झाल्या. मुलाची गेल्या वर्षींची उंची आज मोजतां येत नाहीं, म्हणून माप वारंवार घ्यावें लागतें. पण म्हणून त्याला दर सहा महिन्यांनीं सुई टोचणें न्याय्य ठरत नाहीं.

तेव्हां भेटींचें अंतर पंचांग पाहून ठरत नाहीं. शोधावयाची गोष्ट किती काळ मागें राहते, हें प्रथम पाहावें लागतें. आणि दार उघडणारा माणूस आपला वेळ फुकट देत आहे, हेंही विसरून चालत नाहीं.