अफर्म चाचणी
एट्रियल फिब्रिलेशन या हृदयतालाच्या विकारावरील दोन उपचारपद्धतींची तुलना करणारी यादृच्छिक चाचणी. तीत अमेरिका व कॅनडातील ४,०६० रुग्ण होते. एका गटात औषधांनी नियमित ताल टिकवण्याचा प्रयत्न झाला. दुसऱ्यात केवळ ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवला. मुख्य निकष ईसीजीतील सुधारणा नव्हे, तर कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू हा होता. २००२ मध्ये प्रसिद्ध निष्कर्षांनुसार पाच वर्षांतील मृत्युप्रमाण अनुक्रमे २३.८ व २१.३ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. दोन्ही गटांतील बहुतेक पक्षाघात वॉरफरिन हे रक्तगुठळीरोधक औषध बंद केल्यावर किंवा त्याचा परिणाम अपुरा असताना झाले. त्यामुळे अशा रुग्णांत रक्तगुठळीरोधक उपचार सुरू ठेवण्याचे महत्त्व स्पष्ट झाले.